काय करी राहिनी? : काहीच न ठरलेल्या मुलीची कादंबरी

आधी प्रश्न सांगते. अमळनेरच्या एका मुलीने पहिली कादंबरी लिहिली आहे. नायिका तेवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, घरच्यांच्या लेखी ‘एमपीएससी करतेय’. सकाळी डबा घेऊन अभ्यासिकेत जाते, पुस्तक उघडून बसते, दिवेलागणीला घरी येते. तिचं काही ठरत नाही आणि छातीत सारखी धाकधूक. हस्तलिखित तिघांनी वाचलं. तिघांचंही म्हणणं एकच : यात काही घडतच नाही, पोरगी रडकी आहे. एकाने तर ‘हिला एक थोबाडीत द्यावीशी वाटते’ असंही सांगितलं. आता लेखिका विचारते, शेवटी हिचं लग्न लावून देऊ की नोकरी? अहिराणी किती ठेवू? आणि मुळात अशा मुलीवर कादंबरी होते का?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे पंचवीस वर्षांचे असताना, १९६३ साली, ‘कोसला’ आली. खानदेशातल्या खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला जातो, बापाचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो, गावी परततो आणि तरीही त्याचं काही ठरत नाही. मराठी कादंबरीने तिथे वळण घेतलं, असं आम्ही मास्तर लोक वर्गात साठ वर्षं सांगत आलो. मुलाचं काही न ठरणं म्हणजे तत्त्वज्ञान झालं. मुलीचं काही ठरत नसेल तर मात्र घरात वाक्य ठरलेलं असतं, ‘मग स्वयंपाक तरी नीट शीक.’ तुमच्या कादंबरीची जागा या दोन वाक्यांच्या मधे आहे, आणि ती बऱ्यापैकी मोकळी आहे.

थोबाडीत देणाऱ्या वाचकावर चिडू नका. त्याला राग का आला ते बघा. मराठी कादंबरीची सुरुवातच मुलीच्या दुःखापासून झाली. १८५७ची ‘यमुनापर्यटन’ घ्या, नाहीतर हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधली स्वतःची हकिकत सांगणारी यमू घ्या. त्या दुःखाला तोंड होतं. केशवपन होतं, सासर होतं, रूढी होती, त्यामुळे वाचकाला रागवायला कुणीतरी मिळत होतं. तुमच्या नायिकेचे वडील प्रेमळ, आई कटकटी पण मायाळू, भाऊ बरा. तिला शिकवलं, मोबाइल दिला, लग्नाची घाईसुद्धा केली नाही. दोषी कुणीच नाही. मग वाचकाचा राग जाणार कुठे? तो तिच्यावरच जातो. म्हणून एखादा दुष्ट काका आणून बसवू नका. ती स्वतःसुद्धा हाच राग स्वतःवर काढत असते, एवढं वाचकाला दिसलं की त्याचा हात खाली येतो.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही पाठवलेली तीस पानं मी दोनदा वाचली. चोविसाव्या पानावर, परिच्छेदाच्या मधोमध, तुम्ही एक वाक्य टाकून दिलंय : ‘एकदा ती अभ्यासिकेत न जाता चोपड्याच्या गाडीत बसली आणि चोपड्याहून तशीच परत आली.’ पुढे लगेच चार पानं ती आयुष्याचा अर्थ शोधते. त्या एका वाक्यापाशी मी पेन्सिलीने उभी रेघ मारली आणि पुढच्या चार पानांवर आडवी.

अहो, हीच तुमची कादंबरी! घडणीच्या कादंबरीचा जो जुना साचा जर्मनांनी दिला, गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’पासूनचा, त्यात तरुण घर सोडतो, हिंडतो, ठेचा खातो आणि शहाणा होऊन कुठेतरी स्थिरावतो. त्यातलं ‘हिंडतो’ हे क्रियापद आपल्याकडच्या मुलीला कोण देतं? अमळनेरच्या मुलीने विनाकारण हिंडायचं तर कारण लागतं. तुमच्या नायिकेने ते हिंडणं एसटीत शोधलं. १७ मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बसस्टँडवर जाऊन बघा. माहेर, दवाखाना, बाजार, देवदर्शन, सगळ्या निघालेल्या असतात. त्या गर्दीत मांडीवर सॅक घेतलेली एक मुलगी, जिला कुठेच जायचं नाही. गाडीच्या कपाळावर पाटी आहे, गाडीला दिशा आहे, हिला नाही. हे असं उघड मात्र कुठेही लिहू नका, मी लिहिलं तेवढं पुरे.

आता त्या एका वाक्यात काय काय दडलंय ते काढू. कंडक्टरने ‘कुठं?’ विचारल्यावर ती चोपडा म्हणाली की आधी अडखळली? चोपड्याला गाडी स्टँडवर लागते, सगळे उतरतात. ती बसून राहिली तर कंडक्टर काय म्हणेल? उतरली तर परतीची गाडी लागेपर्यंत ती कुठे उभी राहते? अनोळखी स्टँडवर एकट्या मुलीला उभं राहायला कारण लागतं, मग ती पुस्तकांच्या स्टॉलवर उभी राहून पंचांग चाळते का? ओळखीचं कुणी दिसलं तर? चोपड्यात तिच्या वडिलांच्या मामेभावाचं दुकान असणारच. आपल्याकडे प्रत्येक गावात कुणाच्या तरी मामेभावाचं दुकान असतं. आणि पैसे? अर्धं झालं तरी तिकीट ते तिकीट. ते पैसे ती घरात कशाच्या नावावर मागते? नोट्सच्या झेरॉक्सच्या? मग घरात त्या नोट्स दिसल्या पाहिजेत. म्हणजे तिला कुणाच्या तरी जुन्या नोट्स आणून टेबलावर मांडाव्या लागणार. आईने एक दिवस त्या नोट्सवर दुसरंच नाव वाचलं, की बघा तुमच्या कादंबरीत काही घडतंय का.

एकदा गेली ती पुन्हा जाणार. दुसऱ्यांदा शिरपूर, तिसऱ्यांदा धरणगाव, मग पुन्हा चोपडा, कारण तापीच्या पुलावर गाडी आली की तिच्या छातीतली धडधड थांबते. का थांबते ते तिला कळू नये, तुम्हालाही पूर्ण कळू नये. एक खोटं, ते सांभाळायला दुसरं, ते झाकायला तिसरं. कथानक म्हणून मला एवढं पुरतं. खून, अपघात, बलात्कार घालायची काहीही गरज नाही. पहिल्या कादंबरीत शंभरातले नव्वद लोक घाबरून यांतलं एक घालतात.

दुसरी गोष्ट धाकधुकीची. तुम्ही ती सांगता, दाखवत नाही. तीस पानांत ‘अस्वस्थ’ हा शब्द अकरा वेळा आलाय, मोजला मी. ‘तिला खूप अस्वस्थ वाटत होतं, सगळं निरर्थक आहे असं वाटत होतं.’ यात वाचकाला करण्यासारखं काहीच नाही. लोक समजतात की घाबरट माणूस निष्क्रिय असतो. साफ चूक. त्याच्याइतकं दिवसभर राबणारं कुणी नसतं, फक्त ते राबणं डोक्यात चालतं. तुमच्याच नायिकेचा घरी परतण्याचा रस्ता मी लिहून बघितला :

‘कोपऱ्यावर पानटपरी. टपरीवर बाबांचे मित्र सहा ते सात. म्हणून ती सात पाचला निघते. सात पाचला निघालं की मोठ्या रस्त्याला क्लासची पोरं सुटलेली असतात, म्हणून बोळ. बोळात जोशीकाकू ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. काकू विचारणार. तिने मोबाइल कानाला लावला. मोबाइलची बॅटरी दुपारीच संपली होती. “हो गं, उद्या देते नक्की,” ती बंद मोबाइलला म्हणाली. जरा मोठ्यानेच. काकूंनी मान वर केलीच नाही.’

फार थोर लिहिलंय असं नाही, पण यात ‘अस्वस्थ’ नाही आणि ती पाच मिनिटांत चार-पाच निर्णय घेते. जिचं काही ठरत नाही ती दिवसभर नुसती ठरवतच असते. शिवाय हसू येतं. हे हसू फार महत्त्वाचं आहे. तुमची तीस पानं वाचताना मी एकदाही हसले नाही, आणि तुमच्या पत्रात मात्र तीनदा हसले. म्हणजे विनोद तुमच्याकडे आहे, कादंबरी लिहायला बसताना तुम्ही तो चपलांसोबत बाहेर काढून ठेवता. ‘कोसला’च्या नायकाला, पांडुरंग सांगवीकराला, आपण का सोसतो? कारण तो स्वतःला आणि जगाला सोडत नाही, खिल्ली उडवतो. जिला सतत वाईट होण्याची भीती असते तिची निरीक्षणशक्ती भयंकर तीक्ष्ण असते. मामीच्या आवाजातला फरक तिला मामीच्या आधी कळतो. ती ताकद तिला द्या.

घाबरण्याला शब्द कोणते, हाही मुद्दा आहेच. तुमच्या नायिकेला पाचव्या पानावर मोबाइलवर वाचून आपल्या आजाराचं नाव कळतं. नको. घरात तिच्या अवस्थेला आधीच चार नावं आहेत : आईसाठी पित्त, आजीसाठी नजर, बाबांसाठी ‘टेन्शन घेऊ नको’, भावासाठी नाटक. आई आल्याचा रस देईल, आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकेल (चूल नसली तर गॅसवर, आणि त्यावरून आईचं नि आजीचं जुंपेल). हे सगळे तिच्यावर प्रेम करताहेत आणि कुणालाच ती दिसत नाहीये. ज्या रात्री तिचे हात बधिर होतात, बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही आणि आता आपण मरतोय अशी तिची खात्री होते, ती रात्र नीट लिहा. आणि हेही लिहा की दहा-पंधरा मिनिटांनी ते ओसरतं आणि ती जिवंत असते. त्या जिवंत असण्याची तिला लाज वाटते, कारण एवढं सगळं झालं आणि काहीच झालं नाही. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर २०२२पासून चालू आहे. तो तिने मोबाइलमध्ये ‘सुनीता ट्यूशन’ या नावाने जतन केलेला असू द्या. ती फोन लावते की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. लावला तरी पलीकडच्या बाईने दोन पानांत तिला बरं करू नये, एवढंच.

प्रतिमांबद्दल एक तक्रार आहे. तुमच्या नायिकेच्या मनात ‘अथांग समुद्र’ उसळतो. अमळनेरच्या पोरीच्या मनात समुद्र कुठून आला? तिने बोरी नदी पाहिलीय, तीही बहुतेक कोरडी. बहिणाबाई चौधरींना सतावणाऱ्या मनाबद्दल बोलायचं होतं तेव्हा त्यांना उभ्या पिकातलं ओढाळ ढोर दिसलं, हाकला हाकला तरी फिरून पिकावर येणारं. आसोद्याच्या त्या बाईने असं ढोर स्वतः हाकललेलं होतं. काळजीचं याहून नेमकं वर्णन मला तरी अजून कुठे सापडलेलं नाही, कारण काळजीसुद्धा अशीच, हाकलली की नेमकी तिथेच परत येते. तुमच्या नायिकेच्या हाताला रोज काय लागतं? अभ्यासिकेतल्या टेबलावर आधीच्या कुणीतरी कर्कटकाने कोरलेली तारीख. हायलायटरने पिवळं झालेलं, म्हणजे न वाचलेलं, राज्यघटनेचं पुस्तक. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पत्र्याखाली फिरणारा आणि नुसती गरम हवा इकडची तिकडे करणारा पंखा. त्यांतलं एखादं घ्या.

अभ्यासिकेबद्दल अजून एक. तुमच्या शहरातल्या वाचकाला वाटेल, ही आळशी आहे म्हणून पास होत नाही. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. हा आकडा कादंबरीत लिहायचा नसतो, तो खोलीत बसवायचा असतो. चाळीस खुर्च्या आहेत, सहा वर्षं कोपऱ्यातली एकच खुर्ची धरून बसलेला एक ‘दादा’ आहे, सगळे त्याला मान देतात आणि कुणालाही त्याच्यासारखं व्हायचं नाही. आणि एक मैत्रीण आहे जिची निवड होते, पेढे वाटते, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची खुर्ची रिकामी. त्या खुर्चीवर कोण बसतं?

आता अहिराणी. ‘किती ठेवू’ हा प्रश्नच चुकलाय, भाषा मिठासारखी चिमटीने मोजून घालायची नसते. कोण कुणाशी कधी काय बोलतं ते बघा. अमळनेरला अहिराणी, जळगाव-भुसावळकडे आलात की लेवा गणबोली, बहिणाबाईंची तीच, आणि ‘बहिणाबाईंची अहिराणी’ असं कुणी लिहिलं की आमच्याकडचे लोक भांडायला उठतात, तेव्हा हा घोळ करू नका. तुमच्या नायिकेची आजी अहिराणीच बोलणार, आई घरात अहिराणी आणि दारात पाहुणा आला की ‘शुद्ध’. नायिका? मला वाटतं ती घाबरली की प्रमाण मराठीत शिरते. शाळेत तिला हेच शिकवलं असणार, की चूक पकडली जाऊ नये असं बोलायचं. म्हणजे भाषा हाच तिची भीती मोजायचा काटा झाला. मावशी विचारते, ‘काय वं माय, आते काय करी राहिनी?’ आणि ही म्हणते, ‘अभ्यास चालू आहे, मावशी.’ बघा, कुठेही ‘ती घाबरली’ लिहावं लागलं नाही. तळटीपा देऊ नका, कंसात अर्थ देऊ नका. पुण्याच्या वाचकाला दोन शब्द अडले तर अडू द्या, आम्हाला त्यांचे कमी अडले नाहीत.

मावशीचा हा प्रश्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विचारला जातो, तर आखाजीच धरून ठेवा. जिचं काही पुढे सरकत नाही तिच्या कादंबरीत वेळ कसा दाखवायचा हा खरा पेच असतो, आणि तो सोडवायला बाहेरचं पंचांग लागतं. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. तुमची नायिका तिथे कोण? ती सासुरवाशीण नाही आणि आता लहान पोरही नाही. झोक्यावर बसायचा तिचा नंबर नक्की कधी लागतो? चुलतबहीण पहिल्या आखाजीला नवऱ्याच्या गोष्टी सांगत येते, दुसऱ्या आखाजीला कडेवर पोर घेऊन. मधे श्रावणात कानबाई देवीचे रोट, मग कापसाची वेचणी, मग थंडीत भरताच्या वांग्यांचा धूर. सगळं फिरून जागेवर येतं. हिची खुर्ची तीच. एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत कादंबरी ठेवा, आत्ता ती चार वर्षांत सांडलीय. खापरावर मांडे टाकणारी मावशी मांडा दोन्ही हातांवर फिरवता फिरवता तिला विचारते, तिची नजर मांड्यावर, हिच्याकडे नाही. कठीण प्रश्न आपल्याकडे असेच विचारले जातात, हात कामात असताना.

शेवटाबद्दल माझी एक चूक सांगते. पंधराएक वर्षांपूर्वी एका मुलीचं असंच हस्तलिखित माझ्याकडे आलं. नायिका शेवटी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत असते आणि पाऊस येतो, बस्स. प्रकाशक म्हणाले शेवट लागत नाही, आणि मी त्या मुलीला पटवलं की नायिकेला शिक्षिकेची नोकरी लावून दे. तिने लावली. पुस्तक निघालं, कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि त्या मुलीने पुन्हा काही लिहिलं नाही. ते कपडे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत, ती नोकरी कुठल्या शाळेत होती तेही आठवत नाही. तेव्हा लग्न की नोकरी, हे मला विचारू नका. दोन्ही बाहेरून आलेली उत्तरं आहेत आणि तुमची नायिका वर्षभर त्याच उत्तरांपासून चुकवून पळतेय. ते दिलंत तर मावशी जिंकली.

मी असते तर दुसऱ्या आखाजीला तोच प्रश्न पुन्हा विचारला असता. तोवर नोट्सचं बिंग फुटलेलं असेल, घरात एक मोठी शांतता होऊन गेलेली असेल, बाबा तीन दिवस तिच्याशी बोलले नसतील आणि चौथ्या दिवशी न बोलता तिच्यासाठी शेवभाजी घेऊन आले असतील. मावशी मांडा फिरवत विचारेल, ‘काय करी राहिनी?’ आणि ही म्हणेल, ‘काहीच नही.’ अहिराणीत. अख्ख्या कादंबरीत पहिल्यांदा. मावशीचा मांडा फाटतो की नाही, ते लिहिताना बघा.

बाकी किरकोळ. निवेदन ‘ती’मध्येच ठेवा, ‘मी’ घेतलंत तर तुम्ही पुन्हा अर्थ शोधायला बसाल. पहिला स्वप्नाचा भाग काढा. मैत्रिणीचा प्रियकर काढा, तो तुम्हालाही आवडत नाही हे कळतं. आईला एक गुपित द्या, मोठं नको, तिचंही कधीतरी काहीतरी करायचं राहून गेलं होतं एवढंच, आणि तेही बोलून दाखवू नका. प्रकरणांना नावं देताय ती छान आहेत, राहू द्या.

सुरुवातीपासून पुन्हा लिहायला घेऊ नका, त्यात माणूस दहाव्या पानावर दमतो. आधी तो चोपड्याचा दिवस लिहा, पंधरा-वीस पानांत, सकाळी डबा भरण्यापासून संध्याकाळी तो डबा न उघडता तसाच परत आणण्यापर्यंत. आणि लिहिण्याआधी एकदा स्वतः त्या गाडीत बसा. परतीचं तिकीट देताना कंडक्टरने तिला ओळखलं, तर तो काय म्हणाला, एवढं मला कळवा.